गुडघ्याखाली मांस नाही

घोड्याच्या पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा म्हणतो, ते खरं तर त्याचं मनगट. मागच्या पायाच्या मध्यावर जो टोकदार कोपरा बाहेर आलेला दिसतो, ती त्याची टाच. त्याच्या खाली उरतं ते एक लांबलेलं हाड, म्हणजे नळी, आणि एकच बोट, मधलं. त्या बोटाच्या नखावर, म्हणजे खुरावर, साडेतीनशे-चारशे किलोंचं जनावर उभं राहतं, घाट चढतं, दौडतं. पटत नसेल तर आपलं मधलं बोट वरून चिमटीत धरून पाहा. आधी कातडी लागते, मग दोरीसारखी कंडरा आणि तिच्याखाली लगेच हाड. घोड्याच्या गुडघ्याखाली एवढंच आहे. पाय हलवणारे सगळे स्नायू त्याच्या वर. खाली येतात त्या फक्त त्यांच्या दोऱ्या. मांस नावाला नाही.

आणि चमत्कारिक गोष्ट अशी की जिथे मुळात मांस नाही, तिथेच जखम झाली की नको तेवढं मांस येतं. लाल, ओलं, फुलकोबीच्या गड्ड्यासारखं. कातडीच्या पातळीच्या वर येऊन ते जखमेच्या तोंडावर बसतं आणि कातडीला पुढे सरकू देत नाही. मालक म्हणतो, जखम भरून आली. ती भरून आलेली नसते, उतू गेलेली असते.

माथेरानला मोटारींना बंदी, त्यामुळे माणसांपासून सामानापर्यंत पुष्कळ काही घोड्यांच्या पाठीवरून जातं. तिथल्या दगडगोट्यांच्या उताराला घसरून पुढच्या पायाची सालटी निघतात. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे शेजारी शेजारी बांधलेले असतात, तिथे एकमेकांना बसलेल्या लाथा, आणि पिछाडीच्या दोरीने खुराच्या वरच्या वाटीत पडलेले काचे. ती दोरी सुती असेल तर निभावतं. नायलॉनची असेल तर करवतीसारखी उतरते. पण सगळ्यांत वाईट जखम तारेची. बैल तारेत अडकला तर पुष्कळदा थांबून वाट पाहतो. घोड्याचा जन्मजात स्वभाव पळण्याचा, त्यामुळे तो पाय ओढतो, पुन्हा ओढतो, आणि तार नळीवरची कातडी मोज्यासारखी खाली सोलून काढते.

अशा वेळी पहिलं काम जखमेचं नाहीच, घोड्याचं आहे. घाबरलेल्या घोड्याच्या मागच्या पायाशी वाकून बसणाऱ्या माणसाला मग आपल्याच जखमेची चिंता करावी लागते. ओळखीच्या माणसाने लगाम धरावा, घोड्याला सपाट, कोरड्या जागी आणावं, आणि पायाशी काम करणाऱ्याने उकिडवं राहावं, मांडी घालून बसू नये. रक्त पाहून गडबडू नये. साडेतीनशे किलोंच्या घोड्याच्या अंगात सुमारे २६-२७ लिटर रक्त असतं. एखादा लिटर सांडला तर अंगणभर लाल दिसतं, पण घोडा ते सोसतो. चिळकांडी उडत असेल तर धमनी तुटली आहे. फेटलॉकच्या, म्हणजे नळीखालच्या सांध्याच्या, दोन्ही अंगांनी धमन्या अगदी कातडीलगत जातात, तिथे हे हमखास होतं. स्वच्छ जाड कापडाची घडी दाबून धरायची आणि दहा मिनिटं उचलायची नाही. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. थांबलं का म्हणून दर मिनिटाला उचलून पाहिलं की नुकती धरलेली गुठळी आपणच उपटतो. वर दोरीने आवळून बांधणं तर नकोच.

रक्त आटोक्यात आलं की पाहायचं. इथे डोळा फसतो. नळीच्या पुढच्या बाजूला वीतभर फाटलेली कातडी भयानक दिसते, आणि फेटलॉकच्या मागे बोटाच्या पेराएवढं भोक क्षुल्लक वाटतं. धोका पुष्कळदा उलटा असतो. जखम किती मोठी याच्या आधी ती कुठे आहे हे विचारायचं. सांध्यावर किंवा कंडरेच्या आवरणावर असलेलं लहानसं भोक आत गेलेलं असेल, तर घाण थेट सांध्यातल्या वंगणात उतरते, आणि तिथे जंतू माजले की कूर्चा गळून जाते. सांध्याजवळच्या जखमेतून पिवळसर, बोटांत धरली तर तार सुटणारा चिकट द्रव येत असेल तर तो पू समजून पुसून टाकू नका, ते सांध्यातलं वंगण असू शकतं. घोडा पहिल्या दिवशी बरा चालतो आणि दोन दिवसांनी अचानक पाय टेकवेनासा होतो, ही याच प्रकारची कहाणी असते, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो.

पशुवैद्यक यासाठी एक साधी, देखणी परीक्षा करतात. जखमेपासून दूर, निरोगी कातडीतून सांध्यात सुई घालतात आणि निर्जंतुक सलाइन भरतात. ते सलाइन जखमेतून बाहेर आलं, की सांधा उघडा आहे हे सिद्ध झालं. मग तो लिटरच्या लिटर सलाइनने धुवावा लागतो, शक्य तिथे दुर्बिणीतून. शिवाय वर रबरी पट्टा आवळून खालच्या शिरेत प्रतिजैविक देतात, म्हणजे औषध अर्धा-पाऊण तास फक्त त्या पायात कोंडून राहतं आणि एरवी पोचणार नाही एवढ्या मात्रेने तिथे पोचतं. पहिल्या २४ तासांत हे झालं तर आशा चांगली असते. म्हणून सांध्याजवळची कुठलीही भोकवजा जखम दिसली की मलम शोधण्याआधी फोन करायचा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

कंडरा तुटली की नाही हे घोड्याचं उभं राहणंच सांगतं. पुढच्या बाजूची कंडरा पाय पुढे टाकण्यासाठी असते. ती तुटली तर घोडा खूर ठेचकाळतो, कधी पाय दुमडून पुढे पडतो, पण आधार नीट दिला तर बहुतेक घोडे यातून कामाला लागतात. मागच्या कंडरा वजन पेलतात, आणि तिथली गोष्ट वेगळी. वरवरची तुटली तर फेटलॉक किंचित खाली दबतो. खोल असलेली तुटली तर घोडा पाय टेकवताना खुराचं पुढचं टोक जमिनीवरून उचलून वर येतं. त्यांच्यासह हाडाला चिकटून असलेला आधाराचा बंधही गेला असेल तर फेटलॉक थेट जमिनीला लागतो. अशा घोड्याला दवाखान्यात चालवत नेऊ नये. भरपूर कापूस गुंडाळून वर लांबीत उभा चिरलेला पीव्हीसीचा पाइप बांधला तर कामचलाऊ पण चांगला आधार होतो. तो कुठवर आणि कुठल्या बाजूने बांधायचा हे डॉक्टरांना फोनवर विचारूनच.

धनुर्वाताबद्दल एकच गोष्ट, पण ठळक. पाळीव जनावरांत घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं दुसरं नाही, आणि त्याचे जंतू मातीत आणि घोड्याच्याच लिदीत असतात. लक्षणं एक ते तीन आठवड्यांनी येतात, तोवर जखम कदाचित बुजलेलीही असते. कान ताठ, शेपूट उचललेलं, चाल लाकडी, आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा झटकन बुबुळावर सरकतो. ते दिसेपर्यंत थांबायचं नसतं. लस दर वर्षी. जखम झाली आणि शेवटच्या लसीला सहा महिने उलटले असतील तर पुन्हा एक. आणि लस कधीच दिली नसेल तर तयार प्रतिविष आणि लस, दोन्ही, वेगवेगळ्या जागी. लसीला लागणारे पैसे लग्नाच्या एका वरातीतून सुटतात. तरी तीच टळत राहते.

आता धुणं. जखमेच्या आयुष्यातलं हे सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत कंटाळवाणं काम. आधी जखमेत पाण्यात विरघळणारी जेली किंवा ओलं गॉज भरून घ्यायचं आणि मग भोवतीचे केस कापायचे, म्हणजे कापलेले केस आत पडत नाहीत. नळाच्या स्वच्छ पाण्याने मोठी घाण वाहून जाऊ द्यायला हरकत नाही. त्यानंतर सलाइन. बाटल्या नसतील तर उकळून निवलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, हेच सलाइन. ३५ मिलीची सिरिंज आणि १८ किंवा १९ गेजची सुई लावून जी धार येते, तिचा जोर बरोबर असतो: चिकटलेले जंतू निघतात, पण घाण आणखी खोल ढकलली जात नाही. गाड्या धुण्याच्या मशिनने हेच काम करायला जाऊ नये. पोव्हिडोन आयोडीन घालायचं असेल तर बाटलीतल्यासारखं गडद नाही. पाच टक्क्यांच्या द्रावणाचे २० मिली एक लिटर सलाइनमध्ये. रंग पाणचट चहासारखा दिसला पाहिजे. गडद द्रावणात जंतू मरतात, आणि जखम भरून काढायला निघालेल्या पेशीही मरतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून फार समाधान वाटतं. त्याने काही साधत नाही आणि पेशी होरपळतात. जे आपण स्वतःच्या डोळ्यात घालणार नाही ते घोड्याच्या ताज्या जखमेत घालू नये, एवढं पथ्य पाळलं तरी निम्मं काम होतं.

या पथ्यात आपल्याकडची बरीच औषधं नापास होतात. चुना, मोरचूद, रॉकेल, टर्पेंटाइन, डांबर, गाडीचं जळकं ऑइल, चुलीतली राख. यातल्या प्रत्येकाच्या मागे कुणाचा तरी बरा झालेला घोडा उभा असतो, हे मला माहीत आहे. तो घोडा औषधामुळे बरा झाला की औषध सोसून, हे मात्र कुणी सांगत नाही. मधाचं वेगळं. तो पाणी शोषून घेतो, जंतूंना जगू देत नाही, आणि घोड्यांच्या पायावरच्या जखमांवर ऑस्ट्रेलियात केलेल्या प्रयोगांत त्याचे निकाल चांगले आलेले आहेत. पण तो जखमांसाठी निर्जंतुक केलेला मध; झाडावरून आणलेला, मेणामातीसकटचा नव्हे. आणखी एक: माणसांच्या औषधाच्या दुकानातून वेदना शमवायला डायक्लोफेनॅक आणून घोड्याला टोचू नका. २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे, कारण ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. डॉक्टरांकडे घोड्याला चालणारी दुसरी औषधं असतात.

टाके घालायचे का? मालकाला ते हवेच असतात, कारण टाके घातले की काहीतरी केल्यासारखं दिसतं. जखम ताजी, स्वच्छ, आणि कातडी न ओढता जुळत असेल तर जरूर. पण नळीवर कातडी आधीच ताणून बसवलेली असते, सैल अशी नसतेच. ओढून जुळवलेले टाके आठवड्याभरात कातडी कापत सुटतात. कधी डॉक्टर मुद्दाम दोन-चार दिवस थांबतात, रोज धुऊन पट्टी बांधतात, आणि जखम स्वच्छ झाली की मग टाके घालतात. लोंबणाऱ्या कातडीच्या झालरीकडेही पाहावं लागतं. ती वरच्या बाजूने जोडलेली असेल तर तिला वरून रक्त मिळतं आणि ती जगण्याची शक्यता बरी. खालच्या बाजूने जोडलेली असेल तर बहुतेकदा तिच्या कडा काळ्या पडतात. पण काळी पडेल म्हणून ती आधीच कापून टाकू नये. तेवढे दिवस ती हाडावरचं पांघरूण असते.

टाके नाहीत किंवा सुटले, तर जखम आपली आपण भरू द्यायची. इथून पुढे काळाचा हिशेब बदलतो, आणि तो आधीच करून ठेवला तर पुढचा मनस्ताप वाचतो. उघडी जखम दोन मार्गांनी मिटते. एक, कडा आत ओढल्या जातात, पिशवीची नाडी ओढल्यासारख्या. दोन, कडेवरून नवी, पातळ कातडी जखमेवर सरकत जाते. घोड्याच्या कुशीवर किंवा छातीवर पहिला मार्ग जोरात चालतो. तिथल्या ताटाएवढ्या जखमा काही आठवड्यांत रेघेएवढ्या होतात. गुडघ्याखाली ओढायला सैल कातडीच नाही. उलट पहिले आठवडा-दोन आठवडे कडा मागे सरकतात आणि जखम होती त्याहून मोठी होते. मालकाला वाटतं डॉक्टरांचं चुकलं. कुणाचंच चुकलेलं नसतं.

राहतो तो दुसरा मार्ग, आणि तो फार मंद. प्रयोगांत मोजलेला नव्या कातडीचा वेग कुशीवर दिवसाला सुमारे ०.२ मिलिमीटर, आणि पायावर सुमारे ०.०९. जखम सहा सेंटिमीटर रुंद आहे असं धरू. दोन्ही कडांनी कातडी येणार, म्हणजे दिवसाला ०.१८ मिलिमीटर. साठ भागिले ०.१८, म्हणजे ३३३ दिवस. थोडं आकुंचन मदतीला येतंच, त्यामुळे प्रत्यक्षात एवढा काळ बहुधा लागत नाही, पण 'अजून कशी बरी झाली नाही' हा प्रश्न तिसऱ्या आठवड्यात विचारण्यात अर्थ नाही हे या भागाकाराने कळतं. दर आठवड्याला जखमेशेजारी मोजपट्टी धरून एक फोटो काढून ठेवावा. रोज पाहणाऱ्या डोळ्याला बदल दिसत नाही, फोटोला दिसतो.

हे असं का, याची उत्तरं एकाहून जास्त आहेत. खाली रक्तपुरवठा कमी, पाय थंड, ऊतींना प्राणवायू कमी. सांध्याजवळ प्रत्येक पावलाला जखम हलते. जमीन जवळ, म्हणजे माती आणि लीद जवळ. आणि एक कारण घोड्याच्या रक्तातलं. नेदरलँडमधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी शेटलंड पोनी आणि मोठे घोडे यांच्या सारख्याच जखमा शेजारी ठेवून पाहिल्या. पोनींच्या पांढऱ्या पेशी सुरुवातीला जोरदार हल्ला करतात आणि काम उरकून निघून जातात. मोठ्या घोड्यात हल्ला मिळमिळीत असतो, म्हणून तो संपतच नाही, धुमसत राहतो. जखमेची सूज वाईट असं आपण समजतो; पण वेळेवर येऊन वेळेवर गेलेली सूज हीच बरं होण्याची सुरुवात असते. दख्खनच्या भीमथडी तट्टांच्या चिवटपणाचे गोडवे आपण पिढ्यानपिढ्या गातो, पण त्या भरवशावर तट्टाची जखम मोकळी सोडायला कुणी सांगितलेलं नाही.

ही धुमस चालू असताना जखमेच्या तळातून नवं मांस येऊ लागतं, तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून. लाल, दाणेदार, बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेलं. ते यावंच लागतं. उघड्या हाडावर कातडी सरकू शकत नाही, तिला हा गालिचा लागतो, आणि तो जंतूंना अडवतोही. पायावर अडचण अशी की कातडीच्या पातळीला आल्यावर त्याने थांबायचं असतं, ते थांबत नाही. प्राणवायू कमी मिळालेल्या पेशी उलट जास्त धागे विणत राहतात. मांस माजतं. कडेवरून निघालेली कातडी त्या उंचवट्याच्या पायथ्याशी येते आणि तिथेच अडते, कारण तिला चढ चढता येत नाही.

पट्टीचा गुंता इथेच आहे. पट्टी बांधली की ऊब आणि ओल टिकते, माती-माशा लागत नाहीत, सूज दबते आणि जखम कमी हलते. त्याच पट्टीखाली प्राणवायू आणखी कमी होतो आणि मांस माजायला बळ मिळतं. म्हणून काही जण म्हणतात बांधूच नका, उघडी ठेवा, वारा लागू द्या. माझं मत सुरुवातीच्या आठवड्यांपुरतं तरी सरळ पट्टीच्या बाजूने आहे, विशेषतः पावसाळ्यात. फक्त पट्टी नीट बांधलेली हवी, आणि मांस पातळीवर आलं की डॉक्टरांना दाखवून पुढचं ठरवायला हवं.

नीट म्हणजे तीन थर. जखमेला लागून न चिकटणारं ड्रेसिंग. त्यावर कापसाचा रोल, भरपूर, दोन-तीन सेंटिमीटर जाड. इथे कंजुषी केली की बाकी सगळं वाया. त्यावर गॉजची आणि मग ताणणारी पट्टी. पट्टी नळीच्या पुढून बाहेरच्या अंगाला न्यायची, तिथून मागून कंडरेवरून आतल्या अंगाला, आणि पुन्हा पुढे. म्हणजे वरून पाहिलं तर डाव्या पायाला घड्याळाच्या उलट आणि उजव्या पायाला सुलट. प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर. ताण द्यायचा तो पट्टी पुढे हाडावर असताना. मागे कंडरेवर असताना ओढली तर तिथे काच पडतो, आणि पट्टीने सुजवलेली कंडरा हा स्वतंत्र आजार होऊन बसतो. गुडघ्याच्या मागे एक हाड उंचावलेलं असतं, तिथे पट्टीला चीर देऊन जागा मोकळी करायची. मागच्या पायाच्या टाचेच्या टोकाचंही तेच. कापूस दोन्ही टोकांना पट्टीबाहेर बोटभर दिसला पाहिजे. आणि जोडीच्या चांगल्या पायालाही बांधायचं, कारण दुखऱ्या पायाचं वजन आता तोच उचलतो.

आधी रोज, मग पाझर कमी होईल तशी दोन-तीन दिवसांनी पट्टी बदलायची. मधल्या काळात घोडा बोलतोच. काल शांत असलेला घोडा आज पट्टी चावतोय, पाय आपटतोय, पट्टीच्या वर सूज आली आहे, किंवा वास येतोय, तर उद्याची वाट पाहायची नाही.

माजलेलं मांस कापावं लागतं, आणि मालक याला सगळ्यांत जास्त घाबरतात. खरं तर घोड्याला यात जवळजवळ काही कळत नाही. त्या मांसात रक्तवाहिन्या अमाप असतात, पण संवेदनेच्या नसा नसतात. दुखत नाही, रक्त मात्र धो धो येतं. डॉक्टर खालून वर कापत जातात, म्हणजे ओघळणाऱ्या रक्ताने पुढचं दिसेनासं होत नाही. कातडीच्या पातळीला किंवा किंचित खाली आणायचं, आणि कडेची गुलाबी-निळसर, काचेसारखी चकचकीत किनार अजिबात दुखवायची नाही. ती किनार म्हणजे नवी कातडी, महिन्याची कमाई. मग दाबून पट्टी. मोरचूद किंवा चुना लावून मांस जाळण्याची पद्धत याच कारणाने वाईट आहे. मांस जळतं हे खोटं नाही, पण किनारही जळते, आणि हिशेब पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतो. नुकतं डोकं वर काढणारं मांस स्टेरॉइडच्या मलमाने थोपवता येतं, पण जखमेत जंतू नसतील तर, मोजके दिवस, आणि डॉक्टरांच्या हातून.

कापूनही पुन्हा पुन्हा मांस येत असेल तर त्यामागे वेगळं काही आहे. हाड उघडं पडून सुकलं असेल तर त्याचा वरचा पापुद्रा मरतो आणि आत खडा होऊन बसतो. जखम जवळजवळ बुजते, एक भोक राहतं, त्यातून पू झिरपतो. जखमेनंतर दोन ते चार आठवड्यांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये तो मेलेला तुकडा दिसतो. काढला की आजवर हटून बसलेली जखम पटापट मिटते. लाथ बसली असेल तर नळीच्या बाजूचं बारीक हाड मोडलेलं असू शकतं, तेही याच फोटोत कळतं.

आणि मग बरसाती. इंग्रज अमदानीत हिंदुस्थानात आलेल्या पशुवैद्यांनी पावसाळ्यात चिघळणाऱ्या घोड्यांच्या जखमा पाहिल्या, स्थानिक शब्द उचलला, आणि तो 'बर्सट्टी' म्हणून त्यांच्या वैद्यकाच्या पुस्तकांत जाऊन बसला. या एका नावाखाली दोन वेगळे आजार होते. एकात माश्या लिदीतून जंताच्या अळ्या आणून ओल्या जखमेवर सोडतात. जखम खाजते, तांदळाच्या कणीसारखे पिवळे दाणे दिसतात. यावर जंतांचं औषध लागू पडतं, आणि रोजची लीद उचलणं हा खरा उपाय. दुसऱ्यात साचलेल्या पाण्यातला बुरशीसारखा एक जीव शिरतो आणि प्रवाळासारखे कडक खडे बनवत आत वाढतो. त्या खड्यांना इंग्रजी पशुवैद्यक आजही 'कंकर' म्हणतं. हा आजार वेगाने पसरतो आणि लवकर कापून काढावा लागतो. जखमेत साध्या माश्यांच्या अळ्या पडणं, म्हणजे आसडी, हे वेगळं. ते दिसतं तरी. बरसाती माजलेल्या मांसासारखीच दिसते, आणि सारकॉइड नावाची कातडीची गाठही तशीच दिसते. म्हणून हट्टी मांसाचा एक तुकडा तपासायला पाठवावा.

फार मोठ्या जखमेला कातडीचं कलम करतात. आयाळीखालच्या मानेवरून कातडीच्या बारीक बारीक टिकल्या काढायच्या, जखमेतल्या निरोगी मांसात भोकं पाडून एकेक खोवायची, रोपं लावल्यासारखी. काही मरतात, काही जगतात. जगलेली प्रत्येक टिकली चारी बाजूंनी कातडी पसरवते, आणि ३३३ दिवसांचा भागाकार एकदम लहान होतो. केस मात्र मन मानेल त्या दिशेला उगवतात. वर्षभराने पाहिलं तर नळीवर उलटेसुलटे झुबके दिसतात, आणि ज्याला माहीत नाही तो विचारतो हे काय झालं होतं.

या सगळ्या महिन्यांत घोडा तबेल्यात उभा असतो, आणि उभ्या घोड्याला कामाच्या घोड्याची चंदी घालणं हे मोतद्दाराच्या प्रेमाचं नेहमीचं रूप. चंदी कमी करावी, वैरण भरपूर ठेवावी. नाहीतर पोटशूळ तरी होतो, किंवा पहिल्यांदा बाहेर काढल्यावर तो असा उधळतो की दुसऱ्या पायाला जखम होते. बिछाना कोरडा, शेजारी नजरेत राहील असा एखादा सोबती, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की हाताने धरून रोज थोडं चालवणं.

जत्रेत घोडा घेणारा जाणता माणूस भोवरे पाहतो, दात पाहतो, आणि मग काही न बोलता वाकून चारही नळ्यांवरून हात खाली नेतो. जखमेची जुनी जागा हाताला लागतेच. तिथे केस बहुधा पांढरे येतात, किंवा येतच नाहीत. तो तिथे अंगठा दाबून पाहतो. खूण सपाट आहे का, खालच्या हाडावर कातडी थोडी तरी सरकते का, मागे कंडरेची दोरी अखंड आणि थंड लागते का. मग घोड्याला दगडी फरशीवर दुडक्या चालीने नेऊन परत आणायला सांगतो, आणि डोळे मिटून टापा ऐकतो.